डहाणू-तलासरीत स्प्लिट एसी घेताय? स्टारच्या आधी कॉइल बघा

दीड टनाच्या दोन एसींच्या किमतीत आठ-दहा हजारांचा फरक सहज पडतो. तो कशाचा, ते समजून घ्या.

3 स्टार आणि 5 स्टारमधला फरक विजेचा. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, पण ते 1600 तासांच्या वापरावर धरलेले. तुमचा एसी फक्त एप्रिल-मे महिन्यांत रात्री चालणार असेल, तर 3 स्टार इन्व्हर्टर पुरतो. दुकान किंवा दवाखान्यात दिवसभर चालणार असेल, तर 5 स्टारच घ्या. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की बंद न होता वेग कमी करतो, बचत तिथेच होते.

डहाणू, बोर्डी, चिंचणीला खरा शत्रू खारा वारा. आउटडोअर युनिटच्या पातळ पत्र्या हळूहळू पांढऱ्या पडून भुगा होतात आणि गॅस गळतो. म्हणून तांब्याची कॉइल आणि पत्र्यांवर गंजरोधक थर, या दोन गोष्टींवर पैसे घालाच. तांब्याला जागेवर झाळ मारता येते, ॲल्युमिनियमचं काम किचकट. महिन्यातून एकदा बंद युनिटवर साधं पाणी हलक्या हाताने मारा.

तलासरीकडे खारेपणा कमी, ऊन जास्त. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीला टनेज वाढवून घ्या आणि व्होल्टेजची मर्यादा वाचा.

नोव्हेंबर 2018 पासून आपल्या भागाने भूकंपाचे किती धक्के सोसलेत! आउटडोअरचा स्टँड पक्क्या भिंतीतच, जाड अँकर बोल्टने बसवून घ्या.

सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय. बिलावर तपासा.