सागाच्या दुमडलेल्या पानात कोण असतं?

पावसाच्या सुरुवातीला सागाला कोवळी पालवी येते आणि काही वर्षी ती पाहता पाहता फस्त होते. टेकडीच्या टेकडी खराट्यासारखी उघडी पडते. 'झाडं मेली' असं तेव्हा हमखास ऐकू येतं. झाडं मेलेली नसतात. हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्यांनी पानं खाल्लेली असतात आणि साग पुन्हा पालवतो. म्हणून नुकसानच नाही, असंही नव्हे. केरळात निलंबूरच्या तरुण सागलागवडीत झालेल्या अभ्यासात लाकडाची होऊ शकणारी वाढ ४४ टक्क्यांनी बुडाल्याचं दिसलं.

पावसाळा सरताना पानांची तपकिरी जाळी होते, तिचा दोषही याच अळीला दिला जातो. ते काम युटेक्टोना मॅकेरॅलिस या दुसऱ्याच पतंगाच्या अळीचं. ती शिरांमधला मऊ भाग खाते आणि बारीक शिरांचं जाळं शाबूत ठेवते. हिब्लियाची मोठी अळी जाड शिरा तेवढ्या सोडते. त्यामुळे अळी सापडली नाही तरी उरलेलं पान बरंच सांगून जातं.

पान दुमडलेलं दिसलं की आत अळीच, हेही खरं नाही. विणकर मुंग्या अनेक पानं रेशमाने जोडून घर करतात. कोळीही घडीत अंडी घालतात. हिब्लियाची अळी पानाची कड कातरते, तो तुकडा उलटवून धाग्यांनी टाचते आणि खाली लपते. घडी अलगद उकला: आत काळपट लेंड्या आणि कुरतडलेल्या कडा दिसतील. उघडायला भिऊ नका, या अळीला खाज आणणारे केस नसतात. घडी रिकामीही निघेल, कारण वाढ पुरी झालेली अळी धाग्यावरून खाली उतरते आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात कोष करते.

सगळ्यात फसवा असतो तो रंग. गर्दीत वाढलेल्या अळ्या काळ्या पडतात, विरळ असतील तर फिकट राहतात. फोटोवरून ठाम नाव सांगणं म्हणूनच धोक्याचं. खात्रीचा मार्ग अळी वाढवण्याचा. झाडाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा, बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधा आणि रोज सागाचं ताजं कोवळं पान द्या. करड्या-तपकिरी पुढच्या पंखांखाली काळे-नारिंगी मागचे पंख दिसले, तर तो हिब्लिया. कधी पतंगाऐवजी एखादी माशी किंवा बारीक गांधीलमाशी बाहेर पडते. ती अळीच्या अंगावर पोसलेली परजीवी असते. तिचीही नोंद तितक्याच काळजीने करा, कारण अळ्यांची संख्या आटोक्यात ठेवण्यात तिचा वाटा असतो.