आधी नाकाला विचारावं

पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईतल्या पेट पार्लरांमध्ये गर्दी होऊ लागते. महिनोन्महिने दमट हवेत राहिलेल्या शिह त्झू, ल्हासा अप्सो, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या कानामागे, काखेत आणि जांघेत केसांच्या घट्ट जटा झालेल्या असतात. बोटांच्या बेचक्यांत गोचिडं दडलेली असतात. फिरणं कमी झाल्यामुळे नखं झिजलेली नसतात. हे सगळं निस्तरायचं म्हणजे कुत्र्याला कमरेइतक्या उंच टेबलावर उभं करायचं, गळ्यात पट्ट्याचा फास अडकवायचा, एकेक पंजा धरून ठेवायचा, कानाशी घूं घूं करणारं क्लिपर फिरवायचं आणि आंघोळीनंतर ब्लोअरचा जोरदार झोत अंगावर सोडायचा. यातलं काहीच कुत्र्याने मागितलेलं नसतं.

तो घाबरला आहे हे आपल्याला उशिरा कळतं. गुरगुरणं आणि चावणं ही शेवटची पायरी. त्याआधी तो झोप नसताना जांभया देतो, जीभ ओठांवरून फिरवत राहतो, मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. टेबलाच्या रबरी मॅटवर पंजांचे ओले ठसे उमटतात, कारण भीतीने कुत्र्याच्या तळव्यांना घाम सुटतो. काही कुत्रे अगदी गप्प, दगडासारखे उभे राहतात आणि मालक कौतुकाने म्हणतात, “बघा, किती शहाणा आहे!” तो शहाणा नसतो, गोठलेला असतो. असा कुत्रा मला भुंकणाऱ्या कुत्र्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

ही भीती कमी करण्यासाठी सुगंध वापरायची पद्धत आता ग्रूमिंगच्या कामात रुळू लागली आहे. तिच्याबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. बाटली विकणारे म्हणतात, दोन फवारे मारा, कुत्रा शांत. नाकं मुरडणारे म्हणतात, ही पैसेवाल्यांची थेरं. मला दोन्ही मान्य नाहीत. सुगंधाचा उपयोग होतो, पण मर्यादित होतो, आणि वापरणाऱ्याने स्वतःच्या नाकाऐवजी कुत्र्याच्या नाकाचा हिशेब धरला तरच होतो.

या विषयातला पायाभूत अभ्यास उत्तर आयर्लंडमध्ये झाला. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले लिन ग्रॅहम, डेबोरा वेल्स आणि पीटर हेपर यांनी तो २००५ साली प्रसिद्ध केला. बेवारस कुत्र्यांच्या निवारागृहातले ५५ कुत्रे त्यांनी निवडले. रोज चार तास, सलग पाच दिवस एकच वास. मग दोन दिवस मोकळे. मग पुढचा वास. लॅव्हेंडर, कॅमोमाइल, रोझमेरी आणि पेपरमिंट असे चार वास होते, आणि तुलनेसाठी बिनवासाचे दिवस. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या दिवसांत कुत्रे जास्त वेळ पडून राहिले, येरझाऱ्या कमी झाल्या, भुंकणंही कमी झालं. रोझमेरी आणि पेपरमिंटने उलटं घडलं. कुत्रे जास्त उभे राहिले, जास्त फिरले, जास्त भुंकले.

या निकालाचा दुसरा अर्धा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ‘सुगंध’ म्हणून सगळे वास एका माळेत ओवता येत नाहीत. शाम्पूतला पुदिन्यासारखा गार वास माणसाला ताजंतवानं करतो. टेबलावर आधीच थरथरणाऱ्या कुत्र्याला आणखी जागं करून काय साधणार?

पुढच्याच वर्षी वेल्स यांनी मोटारीत बसलं की थैमान घालणारे ३२ कुत्रे घेतले. लॅव्हेंडरचा वास असलेल्या गाडीत ते जास्त वेळ बसले, पहुडले आणि कमी ओरडले. ग्रूमिंगशी या प्रयोगाचा थेट संबंध आहे, कारण अनेक कुत्र्यांची भीती पार्लरच्या दारात सुरू होतच नाही. गाडी त्या ओळखीच्या वळणावर वळली की सुरू होते. २०१८ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी निवारागृहातल्या १५ कुत्र्यांना कापडावरून नारळ, व्हॅनिला, आलं आणि जटामांसीच्या कुळातली व्हॅलेरियन यांचे वास दिले. चारही वासांनी भुंकणं आणि हालचाल कमी झाली. नारळ आणि आल्याने झोपही वाढली. कोकणात ज्या वासावर घरं उभी आहेत तो वास या यादीत बघून मला फार आनंद झाला.

तरीही हे प्रयोग पिंजऱ्यात आणि मोटारीत झालेले आहेत, क्लिपरखाली नाही. ‘जास्त वेळ पहुडला’ यातून ‘नखं कापू देईल’ असा अर्थ काढता येत नाही. वासाने भीतीची धार थोडी बोथट होते. उरलेलं काम हातांनी करायचं असतं.

आता त्या नाकाबद्दल. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साठ लाखांच्या आसपास धरल्या जातात. कुत्र्यांच्या काही जातींत त्या वीस कोटींच्या पुढे जातात. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत ओढतो, आणि उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून मागे सोडतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. इटलीत बारी इथल्या संशोधकांना २०११ मध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. कुत्रा नवा वास आधी उजव्या नाकपुडीने हुंगतो. वास निरुपद्रवी, खाण्यापिण्याचा निघाला की डावीकडे वळतो. पण ॲड्रेनलिनचा आणि पशुवैद्याच्या घामाचा वास दिला, तेव्हा कुत्रे उजव्या नाकपुडीवरच राहिले. उजव्या नाकपुडीतला वास मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जातो आणि धोक्याला, भीतीला सामोरं जाण्याचं काम मुख्यतः त्याच बाजूचं.

पशुवैद्याचा घाम! कुत्र्याला दवाखाना नुसता आठवत नाही, त्या माणसाचा वास आठवतो.

आणि घामात भावनाही असते. नेपल्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भीतिदायक आणि आनंदी दृश्यं पाहणाऱ्या माणसांचा घाम गोळा करून लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना हुंगायला दिला. भीतीचा घाम हुंगलेल्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, अस्वस्थतेची लक्षणं जास्त दिसली आणि ते आपल्या मालकाला चिकटले. २०२२ मध्ये बेलफास्टमध्येच शिकवलेल्या चार कुत्र्यांनी, अवघड तोंडी गणितं घालून ताणात आणलेल्या माणसाचा श्वास-घाम त्याच माणसाच्या आधीच्या निवांत वासापासून दहापैकी नऊहून अधिक वेळा वेगळा ओळखला. म्हणजे चावेल की काय या धास्तीने टेबलाशी उभा असलेला ग्रूमर तोंडाने कितीही “सोन्या, राजा” म्हणाला, तरी त्याचं अंग वेगळंच काही सांगत असतं.

म्हणूनच जाणत्या ग्रूमरचं सुगंधाचं काम बाटली उघडण्याच्या फार आधी सुरू होतं. पुण्यातल्या एका दोन टेबलांच्या पार्लरमध्ये मी ते जवळून पाहिलं. चालवणाऱ्या ताई तिशीतल्या, हातावर जुन्या दातांच्या खुणा. प्रत्येक कुत्र्यानंतर त्या मॅट, फास आणि टेबलाच्या कडा बिनवासाच्या साबणाने धुऊन कोरड्या करतात. आधीचा कुत्रा घाबरला असेल तर त्याच्या तळव्यांचा घाम तिथे असतो, आणि भीतीने गुदग्रंथी रिकाम्या झाल्या असतील तर तो उग्र वास पुढच्या पाहुण्याला सगळी हकीकत सांगून टाकतो. आंघोळीच्या वेळी गुदग्रंथी पिळायच्या असतील तर हे काम त्या आतल्या मोरीतच करतात. फिनेल नाही, उदबत्ती नाही, रूम फ्रेशनर नाही. खिडकी उघडी. माणसाच्या नाकाला त्या खोलीत फारसा काही वासच येत नाही, आणि हेच त्यांचं कौशल्य.

त्यानंतर कापडाचा तुकडा. स्वच्छ सुती फडकं, त्यावर लॅव्हेंडर तेलाचा एखादाच थेंब, तोही तासभर हवेत ठेवून सौम्य केलेला. पण हे फडकं त्या पहिल्याच दिवशी टेबलावर आणत नाहीत. ते डब्यात घालून मालकाकडे देतात आणि सांगतात, “काकू, हे घरी न्या. तो जेवून निवांत पडला, की याच्या अंथरुणाजवळ ठेवा. उठून लांब गेला तर लगेच काढा. दोन आठवड्यांनी येताना बरोबर घेऊन या.” या साध्या सूचनेत पावलॉव्हचं सगळं शास्त्र आहे. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी दाखवलं, की जी खूण जेवणाबरोबर येते ती जेवणाची होऊन बसते. इथे वास निवांतपणाबरोबर येतो आणि निवांतपणाचा होतो. मग तोच वास पार्लरमध्ये आला की घराचा एक कोपरा बरोबर आल्यासारखा असतो.

हा नियम उलटाही तितकाच पक्का आहे, आणि घाईत नेमकं तेच विसरलं जातं. ज्या वासाची कुत्र्याशी ओळख नाही तो थेट नखं कापतानाच दिला, तर काही खेपांत तो वास नखं कापण्याचा होतो. पुढे घरात कुणी लॅव्हेंडरची साबणवडी उघडली तरी कुत्रा पलंगाखाली जातो. गुण तेलाचाही असेल, पण वासाला अर्थ देते ती ओळखच.

तेलाचा स्वतःचा गुण आहे का? लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचं द्रव्य असतं. जपानच्या कागोशिमा विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांना लिनालूलची नुसती वाफ दिली तेव्हा त्यांची चिंता कमी झाली, आणि वास येण्याची क्षमता गेलेल्या उंदरांवर मात्र काही परिणाम झाला नाही. निदान उंदरांमध्ये तरी हे काम नाकाच्या वाटेने झालं. मग तेल अंगाला चोळण्याचं कारणच राहत नाही.

चोळू नयेच. कुत्रा अंग चाटतो आणि कातडीवरचं तेल पोटात जातं. टी ट्री तेल ‘नैसर्गिक’ म्हणून गोचिडांवर आणि खाजेवर सर्रास सुचवलं जातं. अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्राकडे २००२ ते २०१२ या काळात शुद्ध टी ट्री तेलाने बाधलेल्या कुत्र्या-मांजरांच्या ४४३ नोंदी झाल्या, त्यांत ३३७ कुत्रे होते. लाळ गळणं, गुंगी, मागचे पाय लटपटणं, कापरं भरणं अशी लक्षणं होती. विंटरग्रीन, दालचिनी, लवंग, पेनीरॉयल यांची तेलंही कुत्र्यापासून दूर ठेवावीत. पार्लरमध्ये मांजरं येत असतील तर काळजी दुप्पट हवी, कारण अशी द्रव्यं निकामी करण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तोकडी असते. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना ब्लोअरखाली श्वास घेणंच जड जातं. त्यांच्या खोलीत मी तरी कुठलंही तेल ठेवू देणार नाही. आणि ‘लॅव्हेंडर’ असं छापलेल्या फिनेलमध्ये किंवा उदबत्तीत बहुतेकदा कृत्रिम वास असतो. खरं तेल आता जम्मूतल्या भद्रवाहच्या शेतांतूनही येतं. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमुळे तिथले मका लावणारे शेतकरी या पिकाकडे वळले. पण खरं असलं तरी ते फडक्यावर, थेंबभर, आणि दार उघडं ठेवूनच.

आणखी एक रसायन याच कामासाठी विकलं जातं, ते माणसाला वासच नसलेलं. व्यायलेली कुत्री पिलांना पाजते तेव्हा तिच्या सडांमधल्या कातडीतून एक स्राव येतो आणि पिलं शांत होतात. फ्रेंच पशुवैद्य पात्रिक पाझा यांनी त्या स्रावाचा शोध घेतला आणि त्याची कृत्रिम नक्कल पट्टा, फवारा, भिंतीतला डिफ्यूझर अशा रूपांत बाजारात आली. कल्पना सुंदर आहे, पण तोवरचे अभ्यास तपासून २०१० मध्ये झालेल्या आढाव्याला तिच्या परिणामाचा पुरेसा पुरावा सापडला नाही. परवडत असेल तर वापरून बघायला हरकत नाही. फवारा कापडावर मारून दहा-पंधरा मिनिटं थांबावं, म्हणजे त्यातल्या अल्कोहोलचा झणका उडून जातो.

त्या ताईंकडे टेबलाआधीची दहा मिनिटं कुत्र्याची असतात. पट्टा सैल सोडून त्याला खोलीभर हुंगू देतात. बंद ब्लोअर, क्लिपर, ब्रश, त्यांचे स्वतःचे हात, सगळं. अलेक्झांड्रा होरोविट्झ आणि शार्लोट ड्युरांतोन यांच्या २०१९ च्या अभ्यासात दोन आठवडे नाकाने शोधायचे खेळ खेळलेले कुत्रे अनिश्चित गोष्टीकडे जास्त आशेने धावत गेले. मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्या कुत्र्यांत तो बदल दिसला नाही. हुंगू देणं म्हणजे कुत्र्याला थोडा अधिकार देणं. लॅव्हेंडरपेक्षा या दहा मिनिटांवर माझा अधिक भरवसा आहे.

यातलं काहीही वेदनेवर उपाय नाही. कातडीला घट्ट बसलेली जट विंचरून सोडवताना कुत्रा ओरडतो तो दुखतं म्हणून. ती मशीनने सरळ उतरवावी, केस पुन्हा येतात. कानात जंतुसंसर्ग असेल तर आधी दवाखाना. भीती इतकी असेल की कुत्रा चावतो किंवा लघवी करतो, तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली औषध देऊनच काम करावं. आणि ताण वाढताना दिसला तर थांबावं. त्या पार्लरमधून मी एका लॅब्राडॉरला दोनच पंजांची नखं कापून घरी जाताना पाहिलं. मालक जरा नाराज होते. “उरलेली पुढच्या रविवारी, दादा. आज याला इथून हलत्या शेपटीने जाऊ द्या,” ताई म्हणाल्या आणि पैसेही निम्मेच घेतले.

तुमच्या कुत्र्यासाठी पार्लर निवडताना कुठलं तेल वापरता हे नक्की विचारा. पण त्याआधी विचारा, की दोन कुत्र्यांच्या मध्ये टेबल कशाने पुसता, टेबलावर घेण्याआधी किती वेळ देता, आणि काम अर्धवट सोडायची तयारी आहे का. दर तासाला तीन कुत्रे उरकणाऱ्या ठिकाणी या दहा मिनिटांना जागा नसते. जिथे ती मिळतात तिथे दर थोडा जास्त असेल, तर तो द्यावा.