पास काढू की तिकीट? गोंदिया जंक्शनवरचा हिशेब

गोंदिया जंक्शनच्या तिकीट खिडकीवर ‘एक नागपूर द्या’ म्हणणारा आणि ‘पास रिन्यू करायचाय’ म्हणणारा एकाच रांगेत उभे असतात. पण रेल्वे पहिल्याला अंतर विकते आणि दुसऱ्याला महिना. पहिला गाडीतून उतरला की व्यवहार संपला. दुसऱ्याचा व्यवहार महिनाभर चालू राहतो. त्यात तो रोज गेला काय नि चार दिवस घरी झोपला काय, रेल्वेला सोयरसुतक नाही.

या पासाचं कागदोपत्री नाव मासिक सीझन तिकीट. बोलताना सगळे ‘एमएसटी’ म्हणतात आणि तो काढून रोज ये-जा करणाऱ्यांना ‘अपडाऊनवाले’. साध्या तिकिटाच्याच रोलवर छापलेला हा कागद असतो. दोन स्टेशनांची नावं, वर्ग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ओळखपत्राचा नंबर. फोटो चिकटवलेलं ओळखपत्र वेगळं, आणि ते जवळ नसेल तर पास असून नसल्यासारखाच. जुने अपडाऊनवाले दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पाकिटात पाठीला पाठ लावून ठेवतात. टीसी आला की पाकीट फक्त उलटंसुलटं करायचं, उघडायचं नाही. तरुण मंडळी आता मोबाईलवर पास काढतात, पण बॅटरी संपली की त्यांना त्या पाकिटाचा हेवा वाटतो.

पासाचं गणित फार थोड्यांना नेमकं माहीत असतं. साध्या दुसऱ्या वर्गाचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यात मिळतो. पंधरा एकेरी म्हणजे साडेसात दिवसांचं जाणं-येणं. महिन्यातल्या आठव्या दिवसापासून प्रवास फुकट. आमगावहून किंवा तिरोड्याहून गोंदियाला दुकानात, कचेरीत, कॉलेजात येणारा माणूस महिन्यात चोवीस-पंचवीस दिवस येतो. म्हणजे दोन तृतीयांश प्रवासाचे पैसे तो देतच नाही. जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडेवाढ करताना हा आधार पंधरावरून तीस एकेरी प्रवासांवर न्यायचं ठरवलं होतं. म्हणजे पास एकदम दुप्पट. मुंबईत ओरड झाली, निर्णय चार-पाच दिवसांत मागे घेतला गेला, आणि पंधराचा हिशेब उपनगरी नसलेल्या मार्गांवरही कायम राहिला. मुंबईकरांच्या आरडाओरड्याचा फायदा गंगाझरी आणि काचेवानीच्या प्रवाशाला मिळाल्याचं हे दुर्मिळ उदाहरण.

तीन महिन्यांचा पास मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचा ५.४ पट, वर्षाचा १०.८ पट. नीट पाहिलं तर तिन्हींत सवलत तेवढीच, दहा टक्के. वर्षाचा काढून जास्त वाचत नाही, फक्त पैसे जास्त दिवस अडकतात. म्हणून माझ्या मते तिमाही पास सगळ्यांत शहाणा. मधेच बदली झाली, दुकान बंद झालं, मुलीची परीक्षा संपली, तर नुकसान मर्यादित.

मर्यादाही आहेत. असा पास जास्तीत जास्त १५० किलोमीटरचा. गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर, म्हणून मिळतो. दुर्गही त्यात बसतं. रायपूर बसत नाही. पासावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. सुपरफास्ट गाडीला वेगळा अधिभार भरावा लागतो. ओळखायची खूण सोपी आहे, गाडीचा नंबर १२, २० किंवा २२ ने सुरू झाला की ती सुपरफास्ट. गोंदियातूनच सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस सुपरफास्ट, पण इथूनच कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली बिलासपूर–नागपूर वंदे भारत गोंदियाला थांबते, पण तिच्यात एमएसटी चालत नाही. अपडाऊनवाले तिला फलाटावरून पाहतात.

पास काढावा की नाही, हे शेजारी काय स्वस्त आहे यावरही ठरतं. एसटीच्या मासिक पासाला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो, तिमाहीला पन्नास दिवसांचं भरून नव्वद. रेल्वेच्या साडेसात दिवसांपुढे हे फारच तोकडं. त्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. बाईने तीसही दिवस जाणं-येणं केलं तरी अर्ध्या तिकिटांची बेरीज पंधरा दिवसांच्या भाड्याएवढी होते, आणि पासाला लागतं वीस दिवसांचं. म्हणजे पास काढणाऱ्या बाईचंच नुकसान. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकटच. मात्र या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंत, आणि गोंदियात हद्द फार लवकर येते. बालाघाटच्या रस्त्याला बिरसोला मागे पडलं की मध्य प्रदेश, दरेकसाचा घाट ओलांडला की छत्तीसगड. रेल्वेचा पास हद्द पाहत नाही. बालाघाटचा विद्यार्थी, डोंगरगडचा व्यापारी आणि सौंदडचा शिक्षक एकाच नियमाने, एकाच दराने गोंदियात येतात.

ही चारही बाजूंची ये-जा जुनी आहे. नागपूरहून राजनांदगावपर्यंतची मीटरगेज लाईन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली, रुंद केली आणि पुढे बंगालकडे नेली. १९०३ पासून गोंदिया–नैनपूर–जबलपूर ही सातपुड्यातली अडीच फुटी लाईन सुरू झाली आणि १९०८ मध्ये दुसरी अडीच फुटी लाईन दक्षिणेला नागभीडकडे गेली. त्यामुळे गोंदियात जवळजवळ शतकभर एका बाजूला ‘बडी लाईन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छोटी लाईन’ होती. धान, तेंदूपत्ता, लाख, सागवान इथे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात होतं, आणि माणसंही. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला, तोवर दक्षिणेची छोटी लाईन मोठी होत आली होती. बालाघाटची नंतर झाली. जिल्ह्याचं मुख्यालय इथे आलं आणि अर्जुनी मोरगावच्या माणसालाही कचेरीच्या कामासाठी गोंदियाची गाडी धरावी लागू लागली.

शाळा-कॉलेजच्या मुलांचा पास तर निराळीच गोष्ट. घर ते शाळा या अंतरासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत. आमगाव-सालेकसाकडून धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयात येणाऱ्या मुलीला तीन वर्षांच्या बी.एस्सी.चा रेल्वेखर्च शून्य. २००९ मध्ये ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना ‘इज्जत’ पास निघाला. महिन्याला पंधराशेपर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगारांना पंचवीस रुपयांत शंभर किलोमीटर. पंधराशेच्या अटीत आज कोण बसतं, हा प्रश्न वेगळा.

एवढं सगळं असून पासात एक गोष्ट कधीच मिळत नाही, ती म्हणजे गाडी. पास प्रवासाचा हक्क देतो. जागा देत नाही, वेळ देत नाही, गाडी धावेलच असंही सांगत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोचवण्यासाठी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेवर पॅसेंजर गाड्या मोठ्या संख्येने रद्द झाल्या. तिरोड्याचं ३,३०० मेगावॉटचं वीजकेंद्र याच मार्गावर आहे, त्यामुळे कोळशाची मालगाडी आधी आणि माणसांची नंतर, हा क्रम इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याआधी मार्च २०२० पासून बराच काळ पासच बंद होते. गाड्या ‘स्पेशल’ म्हणून परतल्या तेव्हा पॅसेंजरचं किमान भाडं दहाऐवजी तीस झालं आणि २०२४ च्या सुरुवातीला ते पुन्हा दहावर आलं. त्या काळात किती जणांनी रेल्वे सोडून मोटारसायकल धरली, हे गोंदियातल्या कोणत्याही पंक्चरवाल्याला विचारावं.

आता हाच पास-की-तिकीट प्रश्न युरोपात. गोंदियातली बहुतेक कुटुंबं टूर कंपनीच्या बसने जातात आणि त्यांना हा प्रश्न पडतच नाही. तो पडतो मुलगा जर्मनीत नोकरीला असणाऱ्या आईवडिलांना. मुलगा फोनवर विचारतो, “बाबा, युरोपभर चालणारा युरेल पास काढू का सुटी तिकिटं?” आणि बाबांच्या मनात लगेच एमएसटी येते, म्हणजे पास स्वस्तच असणार. इथेच घोळ होतो.

गोंदियाहून नागपूरचं जनरल तिकीट त्याच दिवशी मिळतं आणि भाडं किलोमीटरवर ठरलेलं असतं. पहाटे काढा, गाडी सुटायच्या आधी काढा, किंमत तीच. तिकीट हलत नाही म्हणून पास किती वाचवतो ते पाढ्यासारखं सांगता येतं. युरोपातल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचं तिकीट हलतं. पॅरिस–मिलान दोन-तीन महिने आधी काढलं तर अगदी स्वस्त, आदल्या दिवशी तीन-चार पट. आपल्याकडे राजधानी-शताब्दीला २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे, त्याचाच हा मोठा भाऊ. म्हणून तिथे पास हा रोज जाणाऱ्याचा सौदा राहत नाही, तो बेत न ठरवणाऱ्याचा विमा होतो. तारखा आणि गावं पक्की असतील तर सुटी तिकिटं बहुधा जिंकतात. ‘ल्युसर्नला पाऊस असेल तर आधी मिलान करू’ असं म्हणायची मोकळीक हवी असेल तर पास.

युरेल १९५९ पासून आहे, युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी, आणि आज ३३ देशांत चालतो. महिन्याभरात चार, पाच किंवा सात दिवस, असा ‘प्रवासाचे दिवस’ मोजून तो घेता येतो. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री. रात्रीच्या थेट गाडीचा फक्त निघण्याचा दिवस मोजला जातो, ही चतुर मंडळींची आवडती तरतूद. चार ते अकरा वयाची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर मोफत, साठीनंतर दहा टक्के कमी. हे सगळं वाचून खूश होण्याआधी आरक्षणाचा खर्च मिळवावा. फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या वेगवान गाड्या आणि स्पेनमध्ये पास असूनही सीटचे पैसे वेगळे, साधारण दहा ते वीस युरो. लंडन–पॅरिस युरोस्टारला तीसच्या वर, आणि पासवाल्यांसाठी जागाही मोजक्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येतं. तेव्हा पास त्या बाजूला फळतो. पॅरिसच्या मेट्रोला तो चालत नाही. मोबाईलवरच्या पासात गाडीत चढण्याआधी तो प्रवास नोंदवावा लागतो, नाहीतर पास असून विनातिकीट.

मजा म्हणजे त्याच कुटुंबातल्या मुलाला युरेल मिळत नाही. तो तिथला रहिवासी, त्याच्यासाठी १९७२ पासूनचा इंटररेल, आणि त्यावर राहत्या देशात एकदा बाहेर जाणं आणि एकदा परत येणं एवढंच. खुद्द जर्मनीत फिरायला त्याच्याकडे डॉइचलांड तिकीट असतं. मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंत सुरू झालेलं, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झालेलं. ते फक्त प्रादेशिक गाड्यांत चालतं, आयसीई या वेगवान गाडीत नाही. वडिलांना हे एका वाक्यात कळतं, “म्हणजे वंदे भारतला चालत नाही ना, एमएसटीसारखं.”

स्वित्झर्लंडचा हिशेब वेगळा करावा. तिथल्या ट्रॅव्हल पासात गाडी, बस, तळ्यातली बोट आणि पाचशेवर संग्रहालयं येतात, पण आपली माणसं युंगफ्राऊयोखला जाणारच, आणि त्या महाग चढावर तो पास २५ टक्केच सोडतो. हाफ फेअर कार्ड अर्धं भाडं सोडतं. दोन-तीन डोंगर आणि थोडी भटकंती असेल तर बऱ्याचदा कार्डच बरं पडतं, आणि ट्रॅव्हल पासचा मोह टाळावा लागतो.

युरेलची कल्पना मराठी माणसाला परकी नाही. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना १९८८ पासून आहे, चार किंवा सात दिवसांच्या पासावर राज्यभर कुठेही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन गोंदियाहून कोकणापर्यंत जायचं असेल तर तिच्या तोडीचं काही नाही. पण सीट हवी तर आरक्षणाचे पैसे वेगळे, अगदी टीजीव्हीसारखे. रेल्वेने परदेशी पाहुण्यांसाठी ठेवलेला इंडरेल पास २०१७ मध्ये बंद झाला. भारतीयांसाठी मात्र चक्री प्रवास तिकीट अजून आहे, आणि ते फार कमी जणांना माहीत आहे. जिथून निघायचं तिथेच परत यायचं, मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचं, मार्ग आधी लिहून द्यायचा. भाडं एकूण अंतराच्या निम्म्यानिम्म्याचे दोन प्रवास धरून लावतात. लांब पल्ल्याला दर किलोमीटरमागे भाडं उतरतं, त्यामुळे तुकड्यातुकड्याने तिकिटं काढण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. गोंदिया–जबलपूर–वाराणसी–हावडा–पुरी–रायपूर–गोंदिया असा फेरा यात बसवता येतो. सीटचं आरक्षण मात्र प्रत्येक गाडीचं स्वतंत्र करावं लागतं. ठरीव मार्ग नसेल तर अर्ज विभागीय वाणिज्य कार्यालयाकडे द्यायचा असतो, म्हणजे गोंदियाच्या माणसाला नागपूरला. आठवडाभर आधी जावं, मार्ग कागदावर नीट उतरवून न्यावा आणि ‘सर्क्युलर जर्नी तिकीट’ हेच शब्द वापरावेत.