छातीवरचे दोन हात



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा याला अधिकार कोणता, असे आपण विचाराल. अधिकार एवढाच की, एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत गेला आणि मला काहीही करता आले नाही.

जालन्यातील एका रोलिंग मिलमध्ये पाळी बदलताना भट्टीजवळचा एक सोबती एकाएकी कोसळला. आम्ही पंधरा-वीस जण भोवती जमलो. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी तळवे चोळले. मी गाडीसाठी धावलो. गाडी आली तोवर सारे संपले होते. डॉक्टरांनी विचारले, "छाती कोणी दाबली का?" आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

ही छाती दाबण्याची विद्या म्हणजे सी.पी.आर. तिचे मर्म सोपे आहे. हृदय हा पंप. तो थांबला की मेंदूचे रक्त थांबते आणि चार-सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. रक्तात प्राणवायू थोडा शिल्लक असतो. तो पोचवणारा नसतो. बाहेरून छाती दाबली की रक्त पुढे ढकलले जाते. म्हणजे बंद पडलेला पंप आपण हातांनी चालवतो, आणि डॉक्टर येईपर्यंत मेंदू तगवून धरतो. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ही रीत जगापुढे मांडली. यांतले कौवेनहोवेन हे विजेचे इंजिनियर! आणि सरावाचा पुतळा प्रथम बनवला तो नॉर्वेतील लेर्डाल या खेळणी करणाऱ्या कारखानदाराने. ही विद्या केवळ डॉक्टरांची नव्हे, हे तिच्या जन्मापासूनच ठरलेले आहे.

आता कृती. हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके आहेत, तर एकाला १०८ क्रमांकावर फोन करावयास सांगा. विजेचा धक्का असेल तर आधी खटका बंद करा, नाहीतर दोघे जाल. माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, तिच्यावर दुसरा हात, कोपरे ताठ. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. दर दाबानंतर ती पुरती वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण हात थकतात. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ साली सामान्य माणसासाठी नुसत्या दाबांचीच पद्धत सांगितली आहे. बुडालेल्याला आणि लहान मुलाला मात्र श्वासही द्यावा लागतो. तो शिकूनच द्यावा.

पण पुस्तक वाचून कोणी पोहावयास शिकत नाही. पुतळ्यावर तास-दोन तास हात बसवावा लागतो. मग तो कोठे बसवावा? १९४८च्या कारखाने कायद्यात दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची पेटी आणि ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस सांगितला होता. पेटी भिंतीवर दिसे. प्रशिक्षित माणूस मी क्वचितच पाहिला. आणि मोंढ्यातला हमाल, बसस्थानकावरचा प्रवासी, घरातली म्हातारी आई, यांच्यासाठी तर तेवढेही नव्हते. ६ डिसेंबर २०२३ रोजी देशभर या शिक्षणाची मोहीम झाली, हे चांगलेच झाले. परंतु हृदय काही तारीख पाहून थांबत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तेव्हा माझी मागणी साधी आहे. महिन्यातून एकदा, पाळीच्या वेळा पाहून, मोंढ्यात, शाळेत, कारखान्याच्या फाटकाशी मोफत वर्ग भरावा. शिकवणे मराठीत आणि हिंदीत असावे, कारण भट्टीवर बिहारचेही भाऊ आहेत. आणि सही येते की अंगठा, हे कोणी विचारू नये. नगरपालिकेची महानगरपालिका झालेल्या शहराला चार पुतळे जड नाहीत.

आमचा सोबती वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण त्याच्या पत्नीने जेव्हा विचारले, "तुम्ही काय केलेत?", तेव्हा कांद्याखेरीज सांगावयास आमच्यापाशी काही असते.