एका दाबात शिरढोण

पहाटे ५.२०
आत आई भाकऱ्या थापतेय. बाहेरच्या खोलीत मुलगी लॅपटॉप उघडते आणि त्याला कीबोर्ड जोडते. गेमिंगचा आहे, अडीच हजारांचा. साध्या कीबोर्डवर सात-आठ कळा एकदम दाबल्या तर काही नोंदल्याच जात नाहीत. याच्यावर सगळ्या नोंदल्या जातात, आणि यंत्रावरच्या लघुलेखनाला तेच लागतं. इथे एकामागून एक अक्षर येत नाही. दोन्ही हातांची बोटं एकदम कळा दाबतात, एकदम सोडतात, आणि शब्दाचा तुकडा किंवा अख्खा शब्द पडद्यावर उमटतो.

कळा थोड्या आहेत, म्हणून अक्षरं जोडून करायची. 'बी' हवा तर डाव्या हाताने 'पी' आणि 'डब्ल्यू'. 'एन' हवा तर 'टी', 'पी', 'एच' तिन्ही. हे तिला आता जमतं. सध्या जोर आहे ब्रीफवर, म्हणजे संक्षेपांवर. उजवीकडची एकटी 'टी' म्हणजे 'द'. उजवीकडची एकटी 'एफ' म्हणजे 'ऑफ'. डावीकडचा एकटा 'एस' म्हणजे 'इज'. ती तेच तेच दाबत राहते. मनगटं टेबलाला टेकू द्यायची नाहीत. टेकली की दुखतात.

सकाळी ६.१०
कपाटात पेन्सिली आहेत, आडव्या रेघांच्या वह्या आहेत. मराठी लघुलेखनाची मिनिटाला ८० शब्दांची परीक्षा ती पास झालीय. लघुटंकलेखकाच्या जागेला तेवढीच अट असते, आणि मराठी टायपिंग ३०. जागा निघाल्या की अर्ज भरते. पिटमनने हाताने लिहायच्या इंग्रजी लघुलेखनाची आपली पद्धत १८३७ मध्ये काढली. तिच्यात नेहमीच्या शब्दांना ठरलेली चिन्हं असतात. 'द' म्हणजे रेघेवर एक टिंब. तशी चिन्हं घोटताना जी सवय लागली, ती कीबोर्डवर कामी येतेय.

अमेरिकेतल्या कोर्टात चालणारं लघुलेखनाचं यंत्र काही लाखांना पडतं. तिच्या लॅपटॉपवर कीबोर्डलाच तसं यंत्र बनवणारा प्लोव्हर आहे, फुकट. न्यूयॉर्कच्या मिराबाई नाइट यांच्या पुढाकाराने हा प्रोग्राम झाला. त्या स्वतः बोलणं ऐकून त्याचे शब्द पडद्यावर उमटवण्याचं काम करतात, ऐकू न येणाऱ्यांसाठी. ज्याच्याकडे लाखो रुपये नाहीत त्यालाही हे शिकता यावं, एवढ्यासाठी केलेलं काम. शिरढोणच्या खोलीत बसून त्याची किंमत नीट कळते.

सकाळी ८.३०
मुंबई-गोवा महामार्गावर शेअर रिक्षा. पनवेलपर्यंत तीस रुपये, परतीचे तीस. वाटेत मांडीवर बोटं हलतात. रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या आणि मनात कळा दाबायच्या. 'हॉस्पिटल', 'सिमेंट', 'प्लॉट विकणे आहे'.

सकाळी ९.४५
कोर्टाजवळ एका वकिलांच्या टायपिंगच्या टेबलावर ती बसते. महिना बारा हजार. गिऱ्हाइकाला पानाला तीस रुपये पडतात, प्रिंट धरून. कीबोर्ड ती घरून पिशवीत घालून आणते, टॉवेलात गुंडाळून.

पहिलंच काम वारसाचं प्रतिज्ञापत्र. हातात सातबारा, मृत्यूचा दाखला, आधार. "पोरी, माझ्या बापाचं नाव नीट टाक हां," म्हातारे म्हणतात. "वाचून दाखवते ना बाबा, मगच प्रिंट काढू."

नाव, वय, गट नंबर ती नेहमीच्या मराठी टायपिंगने घालते. ठरलेला मजकूर आला की प्लोव्हर चालू. डावीकडे 'एस' आणि 'एच', मध्ये तारा, म्हणजे (*) ची कळ, उजवीकडे 'आर'. चार कळा, एक दाब. पडद्यावर येतं: मौजे शिरढोण, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. प्लोव्हरच्या शब्दकोशात आपल्याला हवी ती जोडणी आणि हवा तो मजकूर घालता येतो, देवनागरीसुद्धा. 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' ही ओळही अशीच एका दाबात येते. 'देते की' साठी वेगळी जोडणी.

दुपारी १२.२०
गर्दी. जमिनीच्या मोबदल्याचे कागद, संमतीपत्रं, हरकती. एका कुटुंबातले अकरा वारस एका बाकावर मावत नाहीत. गाव तेच, तालुका तोच, ओळी त्याच. माणसांची नावं तेवढी बदलतात.

दुपारी २.१५
डबा. भाकरी, सुकटीची चटणी. एका हातात घास, दुसऱ्या हाताने वही. आज ज्या शब्दांवर ती तीनदा अडखळली ते तिने मांडून ठेवलेत. रोज तीनच नवे संक्षेप घ्यायचे, असा तिचा नेम. सुरुवातीला एका दिवसात चाळीस केले होते. मग गिऱ्हाईक समोर असताना बोटं हवेत थांबायची, कोणती जोडणी बरं? आठवण्यात दोन सेकंद गेले तर पूर्ण शब्द लिहिलेला बरा. मला ही तिची सगळ्यात मोठी समज वाटते. जो शब्द दिवसात दहादा येतो त्यालाच आखूड करायचं.

जोडणी मोकळी आहे का, तेही बघावं लागतं. 'वारस' साठी तिने 'डब्ल्यू', 'ए', 'आर' ठेवलं होतं. इंग्रजीत तो 'वॉर'. एका इंग्रजी पत्रात युद्धाच्या जागी वारस उमटले. आता त्यात तारा घातलाय. एकटा तारा दाबला तर मागचा दाब पुसला जातो, पण बाकीच्या कळांबरोबर दाबला तर नवी जोडणी होते.

सायंकाळी ७.१०
परत. गावात वासुदेव बळवंत फडके यांचं स्मारक आहे. ४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म, याच गावचा. इंग्रजांविरुद्धच्या बंडाआधी तेही पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. जयंतीची आणि १७ फेब्रुवारीच्या पुण्यतिथीची पत्रं तिच्याकडेच येतात, पैसे न घेता. क्रांतिवीरांचं पूर्ण नाव तिच्या शब्दकोशात आहे. त्यालाही एकच दाब.

रात्री ९.३०
धाकटा भाऊ मोबाइलवर घड्याळ लावतो आणि इंग्रजी उतारा वाचतो. पाच मिनिटं. "ताई, हळू वाचू?" "नको, तू वाच." अमेरिकेत कोर्टाच्या लघुलेखकांना प्रमाणपत्रासाठी साक्षीचे मिनिटाला २२५ शब्द घ्यावे लागतात. तिचे साठ होतात. चुका लाल पेनाने. 'द' तीनदा गाळलाय. करंगळी दमलीय, ती कळ तिचीच.

रात्री १०.४०
उद्या शनिवार, लोकअदालत. 'तडजोड' दिवसभर लागणार. ती शब्दकोश उघडते. 'टी', 'ए', उजवीकडे 'डी'? 'टॅड' असा शब्द इंग्रजीत आहेच. तारा घालून बघते. मोकळी आहे. भरते, वीसदा दाबते. चौदाव्यांदा 'डी' निसटतो. मग पुन्हा पहिल्यापासून वीस.