शेकाची पिशवी घरीच शिवू या

चार घरची धुणीभांडी करून आलेल्या ताईची कंबर, झाडूकाम करणाऱ्या दादांचे खांदे आणि पाळीत शाळेला जाणाऱ्या लेकीचे ओटीपोट. वस्तीत आरोग्याच्या बैठकीला आम्ही बसलो की ही तीन दुखणी हमखास निघतात. दर वेळी उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेतली तर पोट बिघडते. साध्या अंगदुखीवर शेक हा स्वस्त उपाय आहे. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन काढले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. घरातली सेवाही अशीच साध्या हातांनी होते.

शेकाने काय होते?
उष्णतेने त्या जागेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त जास्त येते, आखडलेला स्नायू सैल पडतो. पाळीत गर्भाशय आवळते म्हणून कळा येतात, त्याही शेकाने कमी होतात. पाळीत विटाळ कसला? लेकीला कोपऱ्यात बसवू नका, शेक द्या.

पिशवी कशी शिवायची?
जुन्या सुती चादरीचा 11 इंच रुंद, 14 इंच उंच तुकडा घ्या. कापड सुती आहे का, हे पाहायला एक धागा जाळून पाहा. सुती धाग्याची भुसभुशीत राख होते, टेरिकॉट वितळून त्याची गाठ होते. तसे कापड नको. शिवायचा दोराही सुतीच घ्या.

वरची कड दीड इंच दुमडून नाडीसाठी जागा करा. कापड उलटे करून मधोमध दुमडा. खालची बाजू आणि नाडीच्या जागेपर्यंतची उभी बाजू दुहेरी टीप मारून शिवा. पिशवी सुलटी करून सुती नाडी ओवा.

गरम कशी करायची?
अर्धा किलो तांदूळ किंवा तांदळाची कणी कोरड्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. रंग बदलू देऊ नका. शेवटी दोन चमचे ओवा टाका, छान वास येतो. वासाने मन प्रसन्न होते, पण दुखणे कमी करते ती ऊब. कापूर किंवा निलगिरीचे तेल घालू नका. ते पेट घेते, आणि कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

पिशवी पातेल्यात उभी ठेवून तोंड काठावर उलटवा आणि पळीने तांदूळ भरा, म्हणजे हात भाजत नाही. नाडी घट्ट बांधा, दोन मिनिटे थांबा, हलवा, टॉवेलात गुंडाळा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. सोसवेल इतकीच ऊब हवी. 15 ते 20 मिनिटे शेक पुरे.

घरी मायक्रोवेव्ह असेल तर नाडी न लावता तोंड शिवून टाका. एका वेळी 30 सेकंद, असे दोन मिनिटांपर्यंतच तापवा आणि जवळ उभे राहा. हेच तांदूळ पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण खाऊ नका. करपट वास आला की बदला.

शेक कुठे नको?
मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला शेक कधीही देऊ नका. चटका कळत नाही, सकाळी फोड दिसतो, त्याची जखम चिघळते आणि पाय गमावण्याची वेळ येते. दवाखान्यात काम करताना आम्ही असे पाय पाहिले आहेत. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईच्या पोटावर, उघड्या जखमेवर आणि ताज्या मुरगळीवर पहिले दोन दिवस शेक नको. शेक घेता घेता झोपू नका.

ताप, उलटी आणि पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखत असेल, छातीत दुखून हाताकडे कळ जात असेल, कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर शेकत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा, 108 ला फोन करा.

चटका बसलाच तर 20 मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेची बाजू मांडली. कष्टणाऱ्या बाईच्या शरीराला विश्रांतीचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून शेक देताना घरातल्या बाईला ती 20 मिनिटे खरोखरच बसू द्या. तेवढ्या वेळात भांडी दुसऱ्या कुणी घासली तर चालते. जय भीम!