मागत राहा, पण नम्रतेने

लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभू आधी न्यायाधीशाकडे खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला देतो आणि लगेच छाती बडवून दया मागणाऱ्या जकातदाराचा. चिकाटीच्या जोडीला नम्रता नसेल तर प्रार्थनेचा हट्ट होतो.

आपल्या नगरचे रेव्ह. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला १९०० साली. मधल्या काळात दोघे कित्येक वर्षे वेगळे राहिले, आणि एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे काही काळ चालूच होते. घरातले माणूस प्रार्थनेला बसत नाही म्हणून रुसणाऱ्यांनी हे आठवावे. देवाकडे मागावे, माणसाला धारेवर धरू नये.

आणि उपकारस्तुती? आधीच्याच अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण परततो एकच, तोही शोमरोनी. उरलेल्या नऊ जणांची विनंतीही प्रभूने ऐकली होती.